घाम आपला, ओटा कुणाचा?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



कॉम्प्युटर कंपन्यांच्या मालकांच्या गोष्टी आता आपल्या गावच्या शाळेपर्यंत येऊन पोचल्या आहेत. पोरगा रात्रंदिवस राबला, कंपनी काढली, अब्जाधीश झाला. गोष्ट संपली की सांगणारा आपल्याकडे वळतो आणि म्हणतो, "बघा, कष्टाला फळ असते. तुम्हीही कष्ट करा." ज्यांच्या हाताला खुरप्याच्या मुठीने घट्टे पडले आहेत त्यांना कष्टाचा उपदेश करायचा, हे धाडसच म्हणायचे. पण रागावून उठून जाऊ नका. ती गोष्ट आज आपण पुरी ऐकू या. अर्धी सांगितली तर तो उपदेश आहे, पुरी सांगितली तर ते आपल्या उपयोगाचे अर्थशास्त्र आहे.

आणि त्याची गरज आजच आहे. बैठकीसमोर ठराव आहे. मोबाईलवरून भाजीपाला खरेदी करणाऱ्या एका कंपनीने आपल्या तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांपुढे करार ठेवला आहे. तीन वर्षे सगळा माल त्यांनाच द्यायचा, भाव रोज सकाळी त्यांच्या ॲपवर कळणार, गाडी बांधावर येणार. सही करायची की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.

कष्ट खरेच होते

जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात 'अल्टेअर' नावाच्या छोट्या कॉम्प्युटरची माहिती छापून आली. तो बनवणारी कंपनी न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क गावची. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन मित्रांनी त्या कंपनीला कळवले की तुमच्या यंत्रावर चालणारी 'बेसिक' भाषा आम्ही देतो. यंत्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. विद्यापीठातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर अल्टेअरची नक्कल उभी करून, सुमारे दोन महिने खपून त्यांनी ती भाषा लिहिली. ॲलन ती घेऊन अल्बुकर्कला गेला आणि ती चालली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनी निघाली. या कष्टाला आम्ही कमी लेखत नाही. जो राबतो त्याचा मान राबणाऱ्यानेच ठेवायचा असतो.

पण कष्टानेच माणूस अब्जाधीश होत असता तर आपल्या प्रत्येक गावात शंभर अब्जाधीश निघाले असते. तेव्हा पुढचे ऐका.

बारदानाची किंमत

१९८० साली आयबीएम या त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य कॉम्प्युटर कंपनीला घरगुती वापराचे छोटे यंत्र काढायचे होते. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? खाली यंत्र असते आणि वर हिशेबाचे, पत्रलेखनाचे, खेळाचे कार्यक्रम असतात. या दोहोंच्या मधला जो ओटा, ती ऑपरेटिंग सिस्टीम. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे आली. मायक्रोसॉफ्टकडे असा ओटा नव्हताच! सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या एका लहान कंपनीत टिम पॅटरसन नावाच्या इंजिनिअरने तो लिहिलेला होता. मायक्रोसॉफ्टने आधी परवाना आणि मग जुलै १९८१ मध्ये सगळे हक्क मिळून ७५,००० डॉलरला तो घेतला, सुधारला आणि आयबीएमला दिला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला.

खरी मेख करारात होती. आयबीएमला दिलेला ओटा इतर कुणालाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखून ठेवला. आयबीएमच्या हिशेबाने यंत्र हा माल होता आणि सिस्टीम हे बारदान. बारदानाच्या हक्कासाठी कोण भांडत बसतो?

१९८२ साली कॉम्पॅक कंपनी निघाली आणि तिने आयबीएमसारखेच चालणारे यंत्र काढले. मग रांगच लागली. यंत्र बनवणारे पुष्कळ झाले, एकमेकांशी भाव पाडून भांडू लागले. मार्चमध्ये आपण सगळे एकदम कांदा आणतो तेव्हा होते तसेच. पण यंत्र कुणाचेही खपो, त्यावर ओटा मायक्रोसॉफ्टचाच. प्रत्येक यंत्रामागे त्यांची पट्टी वसूल. शेवटी २००५ साली आयबीएमने आपला पीसीचा धंदाच चीनच्या लेनोवो कंपनीला विकून टाकला.

आता सांगा, आयबीएमच्या लोकांनी कष्ट कमी केले होते? टिम पॅटरसनने कमी केले होते? पुढे त्या लहान कंपनीने दावा लावला आणि १९८६ मध्ये तडजोडीत तिला ९,२५,००० डॉलर मिळाले. तोवर मायक्रोसॉफ्ट कुठल्या कुठे गेली होती. कष्ट सगळ्यांनी केले. फळ कुणाला मिळाले? ज्याच्याकडे ओटा राहिला त्याला.

ओटा मोडत का नाही?

अशा धंद्याला प्लॅटफॉर्मचा धंदा म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी गोष्ट आपल्याला परकी नाही. आठवडी बाजारात ओटे असतात. ओटेवाला भाजी पिकवत नाही की खात नाही. पिकवणारा आणि खाणारा जिथे भेटतात ती जागा त्याची असते. लासलगावला कांदा का जातो? तिथे व्यापारी आहेत म्हणून. व्यापारी तिथे का बसतात? कांदा येतो म्हणून. एकदा हे चक्र फिरू लागले की शेजारी दुसरा बाजार भरवणे महाकठीण.

विंडोजचे नेमके हेच झाले. अमेरिकेच्या सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यायाधीशांनी आपले निष्कर्ष नोंदवले. त्यात नोंद आहे की विंडोजवर ७०,००० हून अधिक कार्यक्रम चालत होते. आयबीएमने 'ओएस टू' नावाचा स्वतःचा ओटा बांधून बघितला, कोट्यवधी डॉलर ओतले, तरी भरात असतानाही त्यावर सुमारे २,५०० कार्यक्रमच आले. गिऱ्हाईक म्हणे, कार्यक्रम नाहीत तर मी का येऊ? कार्यक्रम लिहिणारा म्हणे, गिऱ्हाईक नाही तर मी का लिहू? पैसा आणि कष्ट दोन्ही तिथे हरले.

ओटेवाल्याचे तीन हात

पहिला हात पट्टीचा. ॲपलने १० जुलै २००८ रोजी आपल्या फोनवर ॲपचे दुकान उघडले आणि विक्रीतले ३० टक्के आपले असे ठरवून टाकले. ऑगस्ट २०२० मध्ये एपिक नावाची कंपनी या विरोधात कोर्टात गेली. जानेवारी २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांसाठी ॲपलने ही पट्टी १५ टक्क्यांवर आणली. दर ठरवताना आणि उतरवताना लेखणी एकाच हातात होती, हे ध्यानात ठेवा.

दुसरा हात हिशेबवहीचा. ॲमेझॉनने २००० साली आपल्या दुकानात बाहेरच्या विक्रेत्यांना जागा दिली. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे १९९९ साली तिथल्या वस्तूंच्या विक्रीत बाहेरच्यांचा वाटा ३ टक्के होता, २०१८ साली तो ५८ टक्के झाला. विक्रेत्यांचाही त्यात फायदा झाला, नाहीतर ते आले नसते. पण ओटेवाला स्वतःही दुकानदार होता. कुणाचा कोणता माल किती खपतो हे त्याला बसल्या जागी दिसत होते. युरोपीय आयोगाने यावर तपास केला. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनला लिहून द्यावे लागले की विक्रेत्यांची खाजगी माहिती आपल्या दुकानदारीसाठी वापरणार नाही.

तिसरा हात दाराच्या कडीचा. कोणाला आत घ्यायचे, कोणाचा माल पुढे मांडायचा आणि कोणाचा मागे, हे ओटेवाला ठरवतो.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो ते एकरी उतारा वाढवण्याचे शास्त्र. ते खोटे नाही. पण वाढलेला उतारा कोणाच्या खिशात जातो याचा धडा त्या पुस्तकात नव्हता. तो धडा हा आहे.

मग सरकारचा ओटा बरा?

कोणी म्हणेल, कंपन्या अशा, तर सरकारच बरे. मंडळी, तेही आपण भोगले आहे. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने नियमन केलेला शेतमाल बाजार समितीच्या ओट्यावरच विकायचे बंधन आले. हेतू शेतकऱ्याला लुबाडणुकीतून सोडवण्याचा सांगितला गेला. परवाने मोजक्यांकडे राहिले, हमाली, तोलाई, अडत आपल्या डोक्यावर बसली. २००६ साली कायद्यात बदल होऊन खाजगी बाजाराला वाट मिळाली. फळे आणि भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त व्हायला २०१६ साल उजाडले.

मायक्रोसॉफ्टचा ओटा कायद्याने लादलेला नव्हता. म्हणून तो वळसा घालून ओलांडता आला. २००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉईडचे फोन आले, आणि ओटाच टेबलावरून लोकांच्या खिशात गेला. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षी, जुलै २०१५ मध्ये, सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. कार्यक्रम लिहिणारे दुसऱ्या ओट्यांवर गेले होते. ज्या चक्राने आयबीएमला चिरडले त्याच चक्राने मायक्रोसॉफ्टलाही चिरडले. बाजारातली मक्तेदारी अभेद्य नसते. नवा ओटा बांधण्याचे स्वातंत्र्य मात्र शाबूत हवे. कायद्याने ते काढून घेतले तर पिढ्या जातात.

स्वतःचा ओटा

आणि ओटा शेतकऱ्यालाही बांधता येतो. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात दूध घेणारा एकटा पोल्सन होता, मुंबईचे दूध त्याच्याच हातून जाई. १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली आपला संघ काढला. तोच पुढे अमूल झाला. आज त्या व्यवस्थेत सुमारे ३६ लाख दूध उत्पादक आहेत. म्हशीची धार काढण्याचे कष्ट आधी होते तेवढेच नंतरही होते. बदलले ते इतकेच की दूध गोळा करायची, मोजायची, टिकवायची आणि विकायची जागा त्यांची झाली. उत्पादक कंपनीचा कायदा २००२ साली झाला तो आपल्याला अशीच जागा बांधता यावी म्हणून. ती जागा न बांधता कंपनीच्या नावाने नुसता दुसऱ्याचा माल गोळा करून देणार असू, तर आपण फक्त नवी अडत उघडली असे होईल.

सहीपूर्वीचे पाच प्रश्न

आम्ही मोबाईलच्या बाजाराच्या विरोधात नाही. दहा गिऱ्हाइके घरबसल्या भाव सांगत असतील तर ती आपल्या फायद्याचीच गोष्ट आहे. तंत्रज्ञानाला दारात अडवून शेतकऱ्याचे कधी भले झालेले नाही. पण सही करण्यापूर्वी प्रत्येक कंपनीने पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तर कागदावर घ्यावे.

एक, कपात किती, आणि ती वाढवायची तर किती दिवस आधी कळवणार?

दोन, वजन आणि प्रत कोण ठरवणार, आणि कुठे? बांधावर ठरणार असेल तर ठीक. शहरातल्या गोदामात ठरणार असेल तर नाकारलेला माल कोणाचा?

तीन, आपल्या शेतांच्या, मालाच्या आणि भावाच्या नोंदी आपल्याला मिळणार का? कोणते गिऱ्हाईक माल घेते ते कळणार का?

चार, त्याच दिवशी दुसरीकडे जास्त भाव असेल तर माल तिकडे नेता येईल का?

पाच, पैसे किती दिवसांत, आणि उशीर झाला तर व्याज किती?

आजच्या करारात चौथ्या प्रश्नाचे उत्तर सरळ 'नाही' असे आहे. तीन वर्षे सगळा माल त्यांनाच. तीन वर्षांत आपली वर्गवारीची शेड ओस पडेल, हमाल दुसरीकडे जातील, जुने व्यापारी फोन करायचे सोडतील. मग चौथ्या वर्षी भाव कोण ठरवेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आयबीएमने एका कलमाकडे दुर्लक्ष केले आणि धंदा गमावला. तिच्याकडे उभे राहायला दुसरे पुष्कळ धंदे होते. आपल्याकडे एकच आहे.

म्हणून आमची सूचना अशी. करार नाकारू नये, बदलून मागावा. निम्म्यापेक्षा जास्त माल बांधून देऊ नये. मुदत एका हंगामाची असावी. प्रत बांधावर ठरावी. नोंदींची प्रत रोज उत्पादक कंपनीच्या वहीत यावी. आणि करारातून जो पैसा वाचेल त्यातला पहिला हिस्सा आपल्या काट्याला, शेडला आणि शीतगृहाला जावा. समोरच्यांना हे मान्य नसेल तर त्यांना आपला माल नको आहे, आपला ओटा हवा आहे, एवढे तरी स्पष्ट होईल.

तालुकावार चर्चा करा. कराराची प्रत प्रत्येक तालुक्याला दिली आहे. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी ओळीओळीला अडवून विचारावे. मायबहिणींनी आधी बोलावे, कारण तोडणी आणि प्रतवारी त्यांच्या हातची असते. चार वाजता मत घेऊ.