सीपीआर : शिकावे, आणि शिकलेले टिकवावे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेच्या आठवणी तुम्ही सगळे माझ्यापेक्षा रंगवून सांगता, म्हणून माझ्या वाट्याची दहा मिनिटं मी दुसऱ्याच कामासाठी घेते. परिचारिका म्हणून नोकरीची बरीच वर्षं मी अतिदक्षता विभागात काढली. आपण साठीच्या अलीकडे-पलीकडे आलोय. मागच्या मेळाव्याला आलेले काही जण आज नाहीत. त्यामुळे हा विषय जरा घरचाच आहे.

आपला जिल्हा केवढा पसरलाय, हे भूगोलाच्या तासाला नकाशे भरून आपण शिकलो. उमरखेडहून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या वर. झरी जामणीकडच्या पोडांचं तर विचारूच नका. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे, मोठी सोय झाली. पण तिलाही रस्ता कापावाच लागतो. हृदय बंद पडल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. कुणी छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे गाडी येईपर्यंत जे काही करायचं, ते शेजारी उभ्या माणसानंच.

आणि तो उभा माणूस काय करतो? कांदा हुंगवतो, चप्पल हुंगवतो, तोंडात पाणी ओततो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी म्हणजे थेट श्वासनलिकेत. दुसरा घोळ आचक्यांचा. हृदय बंद पडलेला माणूस काही वेळ मधूनच घोरल्यासारखा आचका देतो. लोक म्हणतात, ‘श्वास चालू आहे, थांबा.’ तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, एवढं पुरे. १०८ लावायला सांगा, फोन स्पीकरवर ठेवा आणि छाती दाबायला लागा. छातीच्या मधोमध, हाताची कोपरं ताठ, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. फासळी मोडेल ही भीती सगळ्यांना असते. कधी मोडतेही. ती नंतर जुळते.

१९६० साली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी ही पद्धत जगापुढे मांडली. २०१७ मध्ये इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं सामान्य माणसासाठी ती आणखी सोपी केली : तोंडाने श्वास द्यायची गरज नाही, नुसती छाती दाबा. आपल्याकडे हे विशेष कामाचं आहे. त्याच २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यातले शेतकरी, मजूर दगावले. अशा माणसाच्या तोंडाला तोंड लावणं धोक्याचं. मोटारपंपाचा शॉक बसलेल्याला आधी मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका. वीज पडलेल्याच्या अंगात मात्र करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावा.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. तुमच्यापैकी काहींनी ऑफिसात, एनसीसीत सीपीआर शिकलंय. प्रमाणपत्र कपाटात असेल. पण तीन-सहा महिन्यांत हात विसरायला लागतो. डोक्याला आकडे आठवतात, हात मात्र उथळ दाबतात, घाईनं दाबतात, मध्येच थांबतात. रोज हेच काम करणाऱ्या आम्हालासुद्धा दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ पाहून पोहता येत नाही, तसंच हे. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज पन्नास सुप्रभात येतात. त्यात सहा महिन्यांतून एकदा ‘आज उशीवर दोन मिनिटं सराव’ एवढा एक निरोप चालेल. उशीवर खोली नीट कळत नाही, पण लय आणि दमसास कळतो.

जेवणानंतर चित्रकलेच्या वर्गात दोन पुतळे मांडले आहेत. प्रत्येकानं दोन मिनिटं दाबायचं. तेवढ्यात घाम फुटतो, म्हणूनच आलटून-पालटून करायला माणसं लागतात. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांनीही यावं. मोठ्यानं मोजायला आणि ‘आता तू बस’ म्हणायला कुणीतरी लागतंच. सरांनाही आम्ही खुर्ची ठेवली आहे. चुकलो तर त्यांनी पूर्वीसारखं ओरडावं.