नकाशात नसलेली जहाजे



माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. पुढचे सारे रद्दीच्या दुकानात झाले. आरमारी लढायांचे नकाशे छापलेली जुनी वर्तमानपत्रे जमवण्याचा नादही मला तिथेच लागला.

नकाशा मोठा रुबाबदार दिसतो. समुद्र कोरा, त्यावर बाण आणि बाणांच्या टोकाला जहाजे. परंतु एकच अंक घेऊन कधी बसू नये. जटलंडची लढाई ३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात सुरू झाली. ३ जूनच्या ब्रिटिश पत्रांत आरमार खात्याने आपली हानी इतक्या सरळपणे सांगितली की, लोकांना वाटले, आपण हरलो. जर्मनीत विजयोत्सव झाला. मात्र ‘ल्युत्सोव’ ही आपली बडी युद्धनौका बुडाल्याचे जर्मनांनी काही दिवस दडवून ठेवले. अखेर हिशेब लागला तो असा : ब्रिटनची १४ जहाजे, जर्मनीची ११. ‘इन्डिफॅटिगेबल’वरील हजारावर माणसांपैकी दोनतीनच वाचली. नकाशात अशा नौकेच्या जागी फार तर एक फुली असते. बॉयलरपाशी कोळसा ओढणारेही त्या फुलीतच आले, हे मला आधी दिसते. काय करणार, धंदाच तसा!

‘ऑडेशियस’ला तर फुलीही लाभली नाही. २७ ऑक्टोबर १९१४ रोजी ही युद्धनौका आयर्लंडजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. ‘ऑलिंपिक’च्या उतारूंनी ते पाहिले, छायाचित्रेही घेतली. तरी ब्रिटिश सरकारने युद्ध संपेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर १९१८ पर्यंत, ते मान्य केले नाही. म्हणून मधल्या चार वर्षांचे अंक मी मुद्दाम जपतो.

जपणे सोपे नाही. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. उन्हाने पिवळा पडतो, घडीवर तुटतो, आणि नकाशा नेमका घडीवर असतो! घडी न घालता, सपाट, अंधारात ठेवावा. चिकटपट्टी लावू नये.

अशी झाकपाक केवळ दूरच्या समुद्रात होत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, साऱ्या शहराने आवाज ऐकला. पण बातमीदारांना बातमी बाहेर पाठवण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. त्या एप्रिलचे अंक कोणाच्या माळ्यावर असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. सभा संपल्यावर मी दाराशीच उभा आहे.