कार्ड आहे, डॉक्टर नाही!

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कॅनडात डॉक्टरांकडे गेले की फी द्यावी लागत नाही, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. खरे आहे ते. पण सरकारी विम्याचे कार्ड दाखवायला समोर डॉक्टर असावा लागतो!

ऑन्टारिओ प्रांतात सू सेंट मरी हे पोलाद कारखान्याचे गाव आहे. तेथे सरकारी वैद्यकीय विमा यायच्या आधीच, १९६३ साली, पोलाद कामगारांच्या युनियनने स्वतःचे आरोग्य केंद्र उभे केले. सभासदांनी प्रत्येकी १३५ डॉलर दिले. गावातल्या डॉक्टरमंडळींचा विरोध होता. तरी केंद्र चालले, वाढले. डॉक्टर, नर्स, तपासणी, सगळे एका छपराखाली.

आणि त्याच केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले की, डॉक्टर निवृत्त होताहेत, नवे मिळत नाहीत. ३१ मेपासून सुमारे दहा हजार रुग्णांना आमच्याकडे नेहमीचा डॉक्टर राहणार नाही. त्यांत निवृत्त पोलाद कामगारही होते. ज्यांच्या वर्गणीतून भिंती उभ्या राहिल्या, त्यांनाच दार बंद! आपल्या पेन्शनर मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अशा रुग्णांसाठी मग पथकाची व्यवस्था पुढे आली. तिकडे नर्स-प्रॅक्टिशनर म्हणून जास्तीचे शिक्षण घेतलेली नर्स असते. ती तपासते, निदान करते, औषधही लिहून देते. फार्मासिस्ट रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या पुढे चालू ठेवू शकतो. मधुमेह्याला आहारतज्ज्ञ भेटतो. गुंतागुंतीचा आजार असेल तर डॉक्टर. कागदपत्र एकच, त्यामुळे रुग्णाला दर खेपेस पहिल्यापासून रामायण सांगावे लागत नाही. नाहीतर साध्या खोकल्यासाठीही इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तासन्‌तास बसायचे.

माझे मत विचाराल तर पथक चांगलेच. मात्र डॉक्टरची जागा भरायची नाही म्हणून नर्सच्या डोक्यावर दुप्पट काम, याला पथक म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते गँगमधल्या आणि सॉर्टिंगमधल्या माणसाला ठाऊक आहे.

पुढच्या शाखा सभेला येताना आपापल्या हेल्थ युनिटमध्ये, डिस्पेन्सरीत डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, ड्रेसर यांच्या किती जागा मंजूर आणि किती रिकाम्या, हे कागदावर लिहून आणा. तोंडी नको.