चकवा

पावसाळ्यात तोरणमाळच्या पठारावर धुकं उतरलं, की यशवंत तलावाचा पलीकडचा काठ आधी पुसला जातो, मग अलीकडचा. चार पावलांवरचं झाड माणूस होऊन उभं राहतं. अशा वेळी वाट चुकलेला गडी तासभर चालतो आणि पुन्हा त्याच दगडापाशी येतो. मग लोक म्हणतात, चकवा लागला! जुनीजाणती माणसं सांगतात, खाली बसावं, उजाडू द्यावं.

सल्ला खराच शहाणपणाचा. २००९ साली संशोधक यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या एका जंगलात सहा जणांना सरळ चालत राहायला सांगितलं. आभाळ भरलेलं असताना निघालेले चौघे गोल फिरले. त्यातले तिघे तर आपलीच वाट पुन्हापुन्हा ओलांडून गेले, त्यांना पत्ताही नव्हता. उन्हात गेलेले दोघे मात्र जवळजवळ सरळ गेले.

पाय फसतात तसे डोळेही. गॉथिक कादंबरीनं आपला संसार थाटला तो याच भांडवलावर. अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’मध्ये (१७९४) नायिका एमिली काळा पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते. आत काय होतं? लेखिका वाचकाला शेकडो पानं टांगून ठेवते आणि अखेरीस सांगते: मेणाचा पुतळा. वाचक चिडतो, पण घाबरला होता, ते काही खोटं नव्हतं.

मराठी भयकथेत नारायण धारपांकडे अमंगळ खरोखरच दारात येतं, आणि त्यांच्या कथांतल्या समर्थांसारखा जाणकार त्याच्याशी झुंजतो. रत्नाकर मतकरींच्या कथेत बऱ्याचदा माणसाचं मनच घर झपाटून टाकतं. रात्री एकट्यानं वाचायला मतकरी जास्त अवघड.

पुस्तक मिटता येतं. सातपुड्यातल्या काही गावांत मात्र मूल तापानं फणफणलं, गुरं दगावली, आणि अमकी बाई अंधारात गोठ्याशी दिसली एवढं कुणी म्हटलं, की तिला डाकीण ठरवायला ते पुरतं. मग मारहाण, बहिष्कार, कधी जीवही जातो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात किमान ६ महिने ते ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरी ‘मी या डोळ्यांनी पाहिलं’ म्हणणारा कुणी ना कुणी पुढे येतोच. त्या रात्री चांदणं होतं की धुकं, हे त्याला क्वचितच कुणी विचारतं.