प्लास्टिकचा बाणा

नारळी पौर्णिमेस सोलापुरात श्री मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा विणकरांची घरेच्या घरे रस्त्यावर लोटतात. पद्मशाली समाजाची श्रद्धा अशी की, मार्कंडेयपुत्र भावनाऋषींनी कमळाच्या देठातील तंतू काढून देवांसाठी वस्त्र विणले. समाजाच्या नावातले ‘पद्म’ तेच सांगते. कथेतला एक बारकावा मोलाचा आहे. या आद्य विणकराने आपला कच्चा माल चिखलातून उचलला.

आज तळ्याकाठच्या चिखलात हात घातला, तर कमळाआधी प्लास्टिकची पिशवी हाती लागते. तिचेही वस्त्र होऊ शकते काय? पुण्यात ते करून दाखविले गेले आहे. अमेरिकेतून मायदेशी परतलेल्या अमिता देशपांडे यांचा ‘रीचरखा’ आणि मूळचे काश्मीरचे नंदन भट यांचा ‘इकोकारी’ हे दोन उपक्रम टाकाऊ पिशव्या व वेष्टने मागावर चढवितात. कचरा आधी धुवायचा, वाळवायचा, रंगांनुसार निवडायचा. मग कात्रीने त्याच्या लांब पट्ट्या कापायच्या, त्या चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर विणायच्या. प्लास्टिक वितळवायचे नाही, रंगवायचेही नाही. बिस्किटाच्या पुड्याचा जो रंग, तोच कापडाचा रंग.

यात ताणा धाग्याचा असतो आणि बाणा पट्टीचा. कारण उघड आहे. ताण्याला सतत ओढ सोसावी लागते. पट्टी ओढली की लांबते आणि तुटते. आडवी घातली की मात्र ती निमूटपणे बसते. पट्टी कुठे जाड, कुठे सुरकुतलेली. यंत्राच्या वेगाला ती मानवत नाही, विणकराचा हात तिला सांभाळून घेतो.

म्हणूनच या विद्येची खरी भूमी सोलापूर आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. जेथील चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या नगरीत ताण्या-बाण्याचे गणित कोणाला शिकवावे लागत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात हातमाग मागे पडला. त्यावर बसणारे हात थकत चालले. या हातांना नवे काम मिळणार असेल, तर ते दयेपोटी मिळू नये, पुरत्या मजुरीने मिळावे. शोभिवंत दुकानात सांगितलेली किंमत मुकाट्याने मोजणारे आपण विणकराच्या दारी मात्र घासाघीस करतो. (आणि अस्सल सुती टॉवेल घरी येतो तो प्लास्टिकच्याच वेष्टनात, हेही लक्षात घ्यावे!)

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विणले म्हणून प्लास्टिक नाहीसे होत नाही. ही पिशवी काही वर्षांनी फाटेल आणि पुन्हा कचरा होईल. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईची गटारे पिशव्यांनी तुंबली होती. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली, २०२२ मध्ये देशाने एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली. तरी मंडईत पिशवी मिळतेच, कारण आपण रिकाम्या हाताने जातो. मागावरच्या कापडाचे काम निराळे आहे. शंभर पिशव्या उकिरड्यावर दिसत नाहीत. त्याच एका थैलीत विणलेल्या दिसल्या की गृहिणी थबकते.

२०२५ च्या प्रयाग महाकुंभात संघाच्या पर्यावरण गतिविधीने ‘एक थाळी, एक थैली’ हे अभियान चालविले. घराघरांतून ताटे आणि कापडी पिशव्या गोळा होऊन तीर्थक्षेत्री पोहोचल्या. पंढरीची वारी तर सोलापूर जिल्ह्यातच विसावते. वारकऱ्याच्या खांद्यावर सोलापुरी मागाची सुती झोळी असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

तोवर घरच्या घरी एवढे करता येईल. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये, पिशवीलाच लटकता ठेवावा. तो सुटा झाला की कचरावेचक भगिनीच्या बोटांना सापडत नाही आणि थेट गटारात जातो. पिशवी विसळावी, दोरीवर वाळवावी, ओल्या कचऱ्यात न मिसळता निराळी द्यावी. मागावर चढते ती अशीच स्वच्छ पिशवी.