विरोध आणि विरोधाभास



१९८२ साली मुंबईत गिरणी कामगारांचा संप झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. पहाटेचा भोंगा वाजेनासा झाला आणि त्या शांततेने आमची चाळ दचकून जागी झाली. शांतता कुणाला जागे करील काय? शब्दांत विरोध आहे. पण भोंग्याची सवय जडलेल्यांना अर्थात विरोध दिसत नाही. यालाच अलंकारशास्त्रात विरोधाभास म्हणतात.

तो ओळखावा कसा? प्रथम एकमेकांस छेद देणाऱ्या दोन गोष्टी हुडकाव्यात. मग एखादा शब्द निराळ्या अर्थाने घेतला असता विरोध मावळतो काय, ते पाहावे. नारायण सुर्वे यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नावच घ्या : ‘माझे विद्यापीठ’. विद्यापीठात न शिकलेला मनुष्य त्याला ‘माझे’ म्हणतो! विद्यापीठ म्हणजे इमारत धरली तर विरोध; शिकवणारी रस्त्यावरची दुनिया धरली की विरोध मिटतो, आणि ज्ञान कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न मागे उरतो.

“नफा वाढला, पण पगारवाढीला पैसा नाही,” हेही आम्ही वाटाघाटीत ऐकतो. ते कितीही उलगडा, आत अर्थ सापडत नाही. तो नुसता विरोध. कविता नीट वाचणाऱ्याच्या कानाला हा फरक कळू लागतो. म्हणून कामगारानेही ती वाचावी.