बोल आणि मत



लोकप्रतिनिधीची पारख त्याच्या भाषणावरून करावयाची, अशी आम्हां मंडळींची जुनी खोड आहे. परंतु कायदा भाषणाने होत नाही. तो मताने होतो.

चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचे घाटत होते, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि त्याची कारणे भर सभागृहात सांगितली. बोलणे आणि करणे यांत अंतर राहिले नाही.

आज हे अंतर मोजावयाचे कसे? पुष्कळसे प्रश्न आवाजी मतदानाने निकालात निघतात. ‘होय’ आणि ‘नाही’ यांचा घोष होतो. त्यात कोणाचा आवाज कोणता, याची नोंद राहत नाही. मतविभागणी झाली, तरच नावानिशी मत कामकाजात छापले जाते. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे, पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. तेव्हा गावात एक बोलणारा खासदार दिल्लीत निराळे मत देतो, ते कधी धाकाने, तर कधी सोयीने.

धाक कोठे संपला आणि सोय कोठे सुरू झाली, हे विचारल्यावाचून कळावयाचे नाही. म्हणून खासदार गावी आले, की हार घालण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारू या. अमुक विधेयकावर आपण मत काय दिलेत? नोंद नसेल, तर मतविभागणी का मागितली नाहीत?

टाळ्यांचे मग पाहू.